गेटवरचं बोट: बिराटनगर ते नेगोंबो

माणसं परदेशात जातात ती बर्फ बघायला, समुद्र बघायला, गेला बाजार मॉल बघायला. मी गेलो तो युनियनचे सभासद का घटतात ते बघायला. तेही खरं नाही. बघायला गेली होती आमची सायली, मी गेलो होतो बॅगा उचलायला.

सायली आमची थोरली. पीएच.डी. करते. विषय असा की आपल्या शेजारच्या देशांत कामगार संघटनांचे सभासद वाढतायत की कमी होतायत, आणि त्यासोबत पगाराचं काय होतंय. नेपाळ आणि श्रीलंका या दोन ठिकाणी जाऊन माणसांशी बोलायचं ठरलं, तेव्हा आमची ही, म्हणजे रंजना, भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरगी एकटी जानार न्हाय."

"आई, मी मुंबईत एकटी राहते," सायली म्हणाली.

"मुंबई आपली हाय. नेपाळ कुनाचा हाय?"

पीएच.डी. तिथेच हरली. म्हणून मी.

आता मी काय करतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं गाव पूर्णा, भिवंडीला लागून. आमच्या भाताच्या खाचरांवर आता गोडाऊनं आहेत, एवढी लांब की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला सर्दी पोचेपर्यंत बरी होते. रीत अशी की ज्याच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं, त्याच्याच घरातून तिथं कामाला माणसं पुरवायची. आमच्या घरात तो ठेका दादाकडे, माझ्या मोठ्या भावाकडे. आणि मी दादाचा सुपरवायझर. हा शब्द लग्नपत्रिकेसाठी ठीक आहे. खरं काम माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं आहे. सकाळी गेटसमोर पॅकिंगच्या बायका उभ्या राहतात. मी बोट दाखवतो. जिच्यावर बोट आलं ती आत, जिच्यावर नाही ती घरी. धुळीमुळे सगळ्यांनी डोळ्यांखाली स्कार्फ बांधलेला असतो, पण मी प्रत्येकीला चालीवरून ओळखतो. ही माझी विद्या. आमच्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला ती येत नाही.

माल कितीही असला तरी सगळ्यांना आत घ्यायचं नाही, हा दादाचा नियम. "दोन-चार उरवायच्या रं दिनू. मंग बाकीच्या वळनावर राहतात."

आम्ही निघायच्या आधी काही दिवस या बायका शेजारच्या वंदना वहिनींच्या ओट्यावर जमायला लागल्या होत्या. वंदना वहिनी म्हणजे माझ्या वर्गमित्राची बायको. तो बिचारा राहिला नाही. ती आमच्या गोडाऊनात पॅकिंगला येते. बायकांनी युनियन करायचं ठरवलं होतं, आणि त्यांची पहिली मागणी अशी होती की गेटवरचं बोट बंद करा, उद्या ड्युटी आहे की नाही ते आज संध्याकाळी सांगा. म्हणजे युनियन अजून जन्मायची होती आणि बारशाआधीच तिला मला निवृत्त करायचं होतं.

तरी निघायच्या दिवशी वहिनी कॉफीच्या रिकाम्या बाटलीत सुकटीची चटणी भरून घेऊन आल्या. "भावजी, परदेशात तुमच्या तोंडाला चव नसंल, म्हनून. आनि तिकरच्या बायका कामाला कशा जातात तेवढं बघून या."

त्यांची पाठ वळते न वळते तोच दादा आला. बाटलीकडे बघितलं. "चटनी खा. पन आल्यावर तिच्यावर बोट ठेवायचं न्हाय. महिनाभर घरात बसली की युनियन आपोआप निजंल. मी आजच केलं असतं, पन तुझ्या जागी जो बदली ठेवलाय त्याला स्कार्फातली तोंडं वळखू येतात कुठं?"

"बरं," मी म्हटलं. मी दादाला नेहमी बरंच म्हणतो.

बिराटनगर

नेपाळ म्हणजे हिमालय, या हिशेबाने रंजनाने आम्हां दोघांचे स्वेटर, माझी कानटोपी आणि सायलीच्या आजोबांची घोंगडी भरून दिली होती. बिराटनगर निघालं बिहारच्या सीमेवर. सपाट, दमट, मच्छरांनी गजबजलेलं. विमानातून उतरलो आणि मला क्षणभर वाटलं, फिरवून फिरवून पुन्हा भिवंडीतच सोडलं की काय. गिरण्यांची धुराडी होती, ट्रक होते, ट्रकांमधून वाट काढणाऱ्या सायकली होत्या. घोंगडीचा एवढाच उपयोग झाला की हॉटेलची गादी तिने झाकता आली.

खाण्याचं मात्र सुख. सकाळी मुरमुऱ्यांवर हरभऱ्याची घुगनी, वर कांदा-मिरची. मी त्यावर चमचाभर सुकट टाकली, तर हॉटेलवाला वास घेत जवळ आला, त्यानेही चाखली आणि त्याच्या बायकोलाही हाक मारली. दुपारी डाळ-भात. आपल्याकडे पाहुण्याला भाकरीचा आग्रह, तिथे भाताचा. नको म्हणायला हात आडवा केला तर हाताच्या बाजूने वाढतात.

सायली ज्या युनियनच्या ऑफिसात जायची तिथले सचिव रामसुंदरजी. जुने ज्यूट कामगार, पांढऱ्या मिशा, पानाने लाल झालेलं हसू. सायली त्यांच्यासमोर बसून आधी संमतीपत्रकाबद्दल बराच वेळ समजावून सांगायची. मला तो उशीर सोसवायचा नाही. आपल्याकडे गाडीत शेजारी बसलेल्यालाही आपण स्टेशन यायच्या आत पगार विचारतो. मी मध्येच म्हणायचो, "तनखा कितना मिलता है?" आणि माणूस सांगून टाकायचा. मग सायली माझ्याकडे अशी बघायची की मी चहा आणायला बाहेर जायचो.

असाच एकदा चहा घेऊन आलो. अंगणात आंब्याखालच्या बाकांवर सायलीशी बोलायला बोलावलेले कामगार, पुरुष-बायका, ओळीने बसले होते. सकाळची वेळ, अंगावर तिरपं ऊन. मी समोर उभा राहिलो. ओळीवरून नजर फिरली. आणि देवाशपथ सांगतो, मी काही ठरवलं नव्हतं, हातातला चहा डाव्या हातात गेला आणि उजवं बोट वर आलं. तू. तू. तो हिरवा शर्ट. ती पाठीमागची.

चौघंही उठून उभी राहिली.

मी घाबरलो. बसा म्हणून हात हलवले, तर ती आणखी पुढे आली. गडबड ऐकून रामसुंदरजी बाहेर आले. "क्या हुआ?"

हिरवा शर्ट म्हणाला, "साहब ने बुलाया है."

"कौन साहब?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या चहाला साय धरली होती. सायली दारात येऊन उभी राहिली, तिला सारं एका नजरेत कळलं आणि तिने कपाळाला हात लावला. शेवटी तिनेच माझ्या बोटाची कहाणी सांगितली. रामसुंदरजी मिश्यांतून हसायला लागले. "अच्छा! तो आप नाइके हैं! हमारे ईंट-भट्ठे में भी आप जैसे बहुत हैं." नाइके म्हणजे मजूर पुरवणारा मुकादम. हिरवा शर्टही हसला, बसला. माझी सुटका झाली असं वाटलं.

पण पाठीमागची बाई बसली नव्हती. माझ्याच वयाची असेल. हातात कापडी पिशवी. तिने रामसुंदरजींकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "काम कहाँ है?"

तिने पिशवीतून युनियनचं कार्ड काढून दाखवलं, जणू मी त्यासाठी अडून बसलो होतो.

नंतर रामसुंदरजींनी उलगडून सांगितलं. तिच्याकडे कार्ड आहे, पण मिल बंद पडून जमाना झाला. एके काळी इथल्या एकेका गिरणीत प्रत्येक पक्षाची वेगळी युनियन, वेगळा झेंडा. कामगार एकमेकांचे झेंडे उपटायचे, मालक खुर्ची टाकून बघायचा. पण त्यातूनच एक कमावलं असं ते म्हणाले. किमान पगार ठरताना सरकारसमोर, मालकासमोर युनियनही बसते, आणि ठरतो तो देशभरच्या कामगारांसाठी ठरतो, कार्ड असो वा नसो. "और जवान लोग?" सायलीने विचारलं. त्यांनी वर बोट केलं. वरून विमान चाललं होतं. आखातात. तिथे कसली युनियन?

सायली भराभर लिहीत होती. मला मात्र ती बाई दिसत राहिली. आमच्याकडे बोटासमोर उभ्या राहतात त्यांच्याकडे कार्ड नाही. हिच्याकडे कार्ड होतं आणि ती तरी माझ्या बोटाला उठली. मग युनियन करून करायचं काय, असा मी स्वतःलाच दादाच्या आवाजात प्रश्न केला. बरं वाटलं. थोडाच वेळ.

कारण तेवढ्यात खुद्द दादाचा फोन आला. "कवा येतोस? ओट्यावर आता बाजूच्या दापोड्याच्या बायका पन यायला लागल्यात."

"येतो," मी म्हटलं. "बरं."

त्या दिवसापासून माझा पाय हलायला लागला. बसलो की डावा पाय आपोआप हलतो. हॉटेलात, रिक्षात, जेवताना. सायली म्हणाली, "पप्पा, टेबल थरथरतंय."

नेगोंबो

श्रीलंकेत आम्ही राहिलो विमानतळाजवळच्या नेगोंबो गावात. तिथली पहिली सकाळ मला जन्मभर पुरेल. किनाऱ्यावर काथ्याच्या चटया अंथरलेल्या, नजर पोचेल तिथपर्यंत, आणि त्यांवर मासळी वाळत घातलेली. वास! सायलीने ओढणी नाकाला लावली, मी छाती भरून घेतली. मासळी उलटणाऱ्या बायकांना ना माझी भाषा कळे ना मला त्यांची, पण मी खाली वाकून एक उलटून दाखवली, तशी एकीने मला बाजूच्या चटईकडे पाठवलं. सायलीने हाक मारेपर्यंत मी निम्मी चटई उलटली होती. तिथे एक सुकवलेली मासळी मिळते, उंबलकड. लाकडासारखी कडक. तिचा चुरा करून नारळाच्या चटणीत घालतात. ती मी भातावर घेतली, शेजारी वहिनींची सुकट घेतली. सांगतो, दोघी सख्ख्या बहिणी. फक्त एकीला नारळ जास्त मिळालाय.

महागाईबद्दल मात्र सगळे एकच बोलतात. मध्यंतरी देशच दिवाळखोरीत गेला, तेव्हापासून पगार बोटभर वाढला आणि बाजार हातभर. हॉटेलची बाई म्हणायची, पूर्वी पाहुण्याला विचारायचो मासे किती वाढू, आता विचारतो वाढू का.

जवळच कटुनायके. तिथे कुंपणाआड कपडे शिवायचे कारखाने आहेत. गावोगावच्या मुली येतात, आसपासच्या घरांत खोल्या घेऊन राहतात. आम्हांला तिथे फिरवलं निल्मिनीने. ही आधी शिवणयंत्रावर होती, आता मुलींच्या संघटनेचं काम करते. इंग्रजी सायलीपेक्षा हळू आणि माझ्यापेक्षा फार पुढे.

सायलीने तिला आलेख दाखवला. एक रेघ उतरत गेलेली. "सभासद कमी होतात ते का? मुली सोडून जातात?"

"राजीनामा कोणीच देत नाही," निल्मिनी म्हणाली. "उद्या सकाळी लवकर या. दाखवते."

सकाळी तिने आम्हांला एका चौकात नेलं. बाजूला चहाची टपरी. रस्त्याकडेला मुली उभ्या, हातात डब्याची पिशवी. थोड्या वेळाने एक पांढरी व्हॅन आली. तीतून एक माणूस उतरला. पोट सुटलेलं, शर्टाच्या खिशात मोबाइल. एक पाय त्याने व्हॅनच्या पायरीवर ठेवला. जांभई दिली. आणि उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं.

मीही तसाच पाय वर ठेवून उभा होतो, टपरीच्या फळीवर. हळूच खाली घेतला.

"मॅनपॉवर," निल्मिनी म्हणाली. तिथे ठेकेदाराला हाच शब्द आहे. "कायमची मुलगी सोडून गेली की तिच्या जागी कायमची घेत नाहीत. रोजची आणतात, याच्याकडून. आज आहे, उद्या नाही. जिला उद्याचा भरवसा नाही ती वर्गणी कशी भरेल? पगारवाढ कुणाबरोबर बसून मागेल?"

सायलीच्या आलेखातली रेघ का उतरते ते मला तेव्हा समजलं. तिला खाली ढकलणारं बोट मला चांगलंच ओळखीचं होतं.

व्हॅन भरली, गेली. आता आपणही निघू असं मला वाटलं. मी गेटवर असतो तेव्हा बोट दाखवून झालं की वळतो आणि आत जातो. पुढचं मला माहीत नसतं. इथे आत जायला गेट नव्हतं. म्हणून राहिलेल्या मुली कुठे जातात ते मला बघावं लागलं.

त्या टपरीमागच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांनी पिशव्या सोडल्या. आणि दुपारचा डबा सकाळीच उघडून जेवायला लागल्या.

"भूक लागली असेल," मी म्हटलं.

निल्मिनीने विचारून सांगितलं. भरलेला डबा परत नेला तर घरमालकीण समजते की काम मिळालं नाही, आणि भाड्याचं विचारते. म्हणून इथेच संपवायचा आणि रिकामा डबा घेऊन संध्याकाळपर्यंत कुठेतरी वेळ काढायचा.

आमच्या गोडाऊनासमोर पानटपरी आहे. तिच्यामागे बाक आहे. सकाळी आठाच्या सुमाराला तिथे नेहमी दोन-चार बायका डबा खाताना दिसतात. मी ऑफिसच्या खिडकीतून बघून कितीदा म्हटलंय, "या बाया म्हणजे खादाड हो! घरून निघाल्या नाहीत तोच सुरू." वंदना वहिनींनाही तिथे पाहिलंय. गेल्या महिन्यातच.

बाकावरच्या एका मुलीने मला टक लावून बघताना पाहिलं. तिला वाटलं माझी नजर जेवणावर आहे. तिने डब्याच्या झाकणात थोडा भात आणि उंबलकडीची चटणी घालून माझ्यापुढे धरली. नाही म्हणता येईना. खाल्लं. तिखट होतं, डोळ्यांत पाणी आलं त्याचं तेच कारण सांगितलं.

परत येताना रिक्षात दादाचा फोन. "परवा येतोस ना? आल्या आल्या गेटवर ये. वंदनाला बाहेर ठेव, बस."

"बरं," मी म्हटलं.

सायलीने ऐकलं होतं. तिने वही मिटली. मग म्हणाली, "पप्पा, बरं म्हणजे काय?"

"बरं म्हणजे... फोन ठेवायचा."

"हं," ती म्हणाली. "तुमचं बोट मी प्रबंधात घातलंय. नाव नाही घातलं."

माझं बोट पुस्तकात जाणार म्हणून आधी छाती फुगली, आणि मग रिक्षाभर पाय हलत राहिला.

निघताना बाजारातून उंबलकड घेतली. चटणीची बाटली तोवर संपली होती. भरून आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आमची रीत. मी ती हॉटेलात धुतली आणि उंबलकडीचा चुरा गच्च भरला. बाटली भरणं सोपं होतं. ती कोणत्या तोंडाने द्यायची हा प्रश्न उरला. ज्या बाईची चटणी दोन देश पुरवून खाल्ली, तिला परवा गेटवर ओलांडून पुढच्या बाईवर बोट ठेवायचं?

पूर्णा

घरी पोचलो. रंजनाने स्वेटर न घातलेले बघून आधी तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली घेऊन मी गेटवर गेलो.

दादा स्वतः हजर. गेटशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसलेला, हातात चहा. सेलचे दिवस, आत माल छताला लागलेला. समोर स्कार्फांची रांग. त्यात डावा पाय किंचित ओढत येऊन उभी राहिलेली एक, वंदना वहिनी. मी दुरून ओळखलं. दादाने माझ्या चेहऱ्याकडे बघून वंदना कोणती ते ओळखायचा प्रयत्न चालवला होता.

मी रांगेशी गेलो आणि बाटली पुढे केली. "वहिनी, तुमची बाटली. श्रीलंकेची सुकट आहे. नारळात घाला."

आता दादालाही कळलं कोण ते. वहिनींनी बाटली घेतली, उन्हात धरून बघितली. "आनि तिकरच्या बायका? बघितल्या का भावजी?"

"बघितल्या."

मी माझ्या जागी येऊन उभा राहिलो. सगळ्यांचे डोळे सवयीने माझ्या हाताकडे. मी हात खिशात घातला.

कोणी हलेना. मी म्हटलं, "चला, ड्युटीची वेळ झाली." तरी कोणी हलेना. बोटाशिवाय आत कसं जायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बोटाशिवाय आत कसं पाठवायचं हे मलाही. वॉचमन माझ्याकडे बघायला लागला, मी वॉचमनकडे.

"दिनू, बोट दाखव रं!" दादा.

"न्हाय."

आयुष्यात दादाला मी पहिल्यांदा 'बरं' सोडून काही म्हटलं असेल. खिशातल्या बोटावर मी बाकीची बोटं मिटून घेतली.

मग वंदना वहिनी हलल्या. डावा पाय ओढत, बाटली पदराखाली धरून, गेटमधून आत गेल्या. त्यांच्यामागे पुढची. मग सगळ्याच. ज्या रोज उरायच्या त्यासुद्धा, जराशा बिचकत, कुणी मागे बोलावतंय का ते बघत.

दादा खुर्चीवरून उठला. चहा तसाच ओतून दिला. "उद्यापासून गेटवर मी उभा राहनार. तू घरी बस, आनि पोरीचं पुस्तक वाच."

"राहा. पण स्कार्फातली कुठली कोण, ते तुला नाही कळायचं. आणि मी सांगणार नाही."

तो गेला. उद्या काय होईल ते मला माहीत नव्हतं. रंजनाला काय सांगायचं तेही नव्हतं. ऑफिसात जाऊन बसलो. बसवेना. आठ वाजत आले तसा उठलो, रस्ता ओलांडला आणि पानटपरीच्या मागे जाऊन बघितलं.

बाक रिकामा होता.